छापण्यास हरकत नाही

विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं. बाकी सगळे त्यांना कानामात्रा म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण कानामात्रांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं तरी भल्याभल्या प्राध्यापकांना आपलं प्रकरण तिसरं आठवायचं आणि घाम फुटायचा.

विभाग होता ग्रंथालयाच्या तळघरात. खिडकी एकच, तीही पार छताशी, आणि तिच्यातून काय दिसायचं, तर रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट. सत्तावीस वर्षं त्या खिडकीखाली बसून मुद्रितशोधन केल्यावर कानामात्रा लेखकांना बुटांवरून ओळखायला लागले होते. चकचकीत काळे बूट म्हणजे अर्थशास्त्राचे विभागप्रमुख. हे गृहस्थ स्वतःचं पुस्तक कधी वाचत नसत. टाचा झिजलेल्या चपला म्हणजे तत्त्वज्ञानवाले. त्यांना प्रूफ दिलं की ते चुका सोडून द्यायचे आणि समासात नवं पुस्तक लिहून आणायचे. एका इतिहासकाराने तर अर्पणपत्रिका सहा वेळा बदलली, कारण तेवढ्या अवधीत त्याचं सहा जणांशी भांडण झालं होतं.

अशा या मंडळींची पुस्तकं कानामात्रांच्या हाताखालून गेली आणि एकालाही शुद्धिपत्र लागलं नाही. शुद्धिपत्र म्हणजे पुस्तक छापून झाल्यावर लाजेकाजेस्तव चिकटवतात ती चुकांची यादी. सत्तावीस वर्षांत एकही नाही! एवढा एकच दागिना होता त्या माणसाकडे, आणि तो ते रोज मनातल्या मनात घालून मिरवत. कुणी म्हणालं, "एखादी चूक राहिली तर काय आकाश कोसळतं का?" की यांचं उत्तर तयार, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

तिथला एक जुना नेम होता. शेवटचं प्रूफ नजरेखालून गेलं की लेखकाने एका पिवळ्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने सही करायची आणि तारीख घालायची. चिठ्ठीवर छापलेलं असे, 'छापण्यास हरकत नाही.' ही सही झाल्याशिवाय खुद्द कुलगुरूंचं पुस्तकसुद्धा यंत्रावर चढत नसे. आणि ती चिठ्ठी लेखकापुढे केव्हा ठेवायची, ते कानामात्रा ठरवत. कोऱ्या चिठ्ठ्यांची एक गड्डी कायम त्यांच्या खिशात असे, पेनाशेजारी.

पूर्वी तिथे दोघांनी मिळून वाचायची पद्धत होती. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट फिरवत जायचं. कानामात्रांचा जोडीदार निवृत्त झाला, ती जागा काही भरली गेली नाही. मग हे प्रुफं घरी न्यायला लागले आणि जोडीदाराच्या जागी बायको आली. ती बिचारी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून एका हाताने भाजी ढवळायची आणि दुसऱ्या हातात कागद धरून अर्थशास्त्र वाचायची. पंधरा वर्षांत तिची जीभ अशी वळली, की भांडतानाही म्हणायची, "हे घर आहे स्वल्पविराम, छापखाना नाही पूर्णविराम!" कानामात्रांना हसू यायचं. त्यांना हसवू शकणारी ती एकटीच.

आता बाई.

बाईंचे बूट कापडी होते आणि मोज्यांना कुसळं चिकटलेली असत. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी आयुष्यात एकच काम केलं, गवत बघितलं. रस्त्याकडेचं, कुंपणाखालचं, गटाराच्या कडेचं, ज्याच्यावर आपण पाय देऊन जातो ते. वीस वर्षं फिरून त्यांनी चारशे बारा गवतं गोळा केली, प्रत्येकाचं चित्र स्वतः काढलं, आणि ते कुठे उगवतं, केव्हा फुलतं, कोण खातं ते लिहून काढलं. पहिल्यांदा हस्तलिखित घेऊन आल्या तेव्हा कापडी पिशवीतून तो गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, हे माझं पहिलं पुस्तक आणि शेवटचंही. दुसरं लिहायला आयुष्य शिल्लक नाही, तेव्हा जरा सांभाळून."

कानामात्रा त्या पुस्तकाच्या प्रेमात पडले. पडले म्हणजे पडलेच. सहा वर्षांत पाच प्रुफं काढली. घरी बायको वाचायची, "हरळी स्वल्पविराम कितीही उपटा स्वल्पविराम पुन्हा येते पूर्णविराम," आणि म्हणायची, "या बाई गवताबद्दल लिहितात की माझ्याबद्दल?" ऑफिसातून घरी जाताना कानामात्रा रस्त्याकडेला थांबून वाकून बघायला लागले. लोकांना वाटायचं, यांचं काहीतरी पडलंय.

आणि मग ती सूचना आली. विद्यापीठाने छपाई बंद करायची ठरवली होती. ज्या पुस्तकांची पिवळी चिठ्ठी एकतीस तारखेच्या आत सही होऊन येईल ती छापली जातील, बाकीची लेखकांना साभार परत. नवे संचालक तरुण होते, वाईट नव्हते, पण त्यांना वरून जे सांगितलं ते त्यांनी खाली सांगितलं.

बाई अठरा तारखेला सकाळी आल्या. खिडकीतून कापडी बूट दिसले आणि कानामात्रांनी आधीच खुर्ची पुसून ठेवली. शेवटचं प्रूफ तयार होतं, चिठ्ठी तयार होती. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"भाऊ, हसू नका हं. काल रात्रभर मी सहीचा सराव केला. चांगली यावी म्हणून."

त्या चष्मा लावेपर्यंत कानामात्रांनी सवयीने शेवटची पानं चाळली. मागे सूची होती, एकोणीसशे बारा नोंदींची. कुठलं गवत कुठल्या पानावर, ते सांगणारी. मध्यंतरी पुस्तकात चित्रांची दोन पानं वाढली होती, म्हणून पुढचे सगळे आकडे दोनने सरकवले होते. कानामात्रांनी सहज एक नोंद पडताळली. लव्हाळा, पान तीनशे एक्केचाळीस. उघडून बघतात तर लव्हाळा तीनशे त्रेचाळीसवर!

एक चुकली म्हणजे आणखी किती चुकल्या असतील?

"थांबा बाई," ते म्हणाले आणि चिठ्ठी उचलून घेतली. "सही आत्ता नको. सूची पुन्हा एकदा पडताळतो. आठ दिवस द्या."

"अहो, चुकू दे की एखादा आकडा! लव्हाळा शोधणारा दोन पानं पुढे बघेल. गवत काय पळून जातंय?"

"एकतीसला अवकाश आहे, बाई. माझ्यावर सोडा."

बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं. जरा हिरमुसल्या, पण म्हणाल्या, "तुमच्यावर नाही सोडणार तर कुणावर!" आणि जिना चढून गेल्या. खिडकीतून बूट गेलेले दिसले.

आता कुणी म्हणेल, सही घेऊन ठेवायची आणि मागाहून पडताळायचं, त्यात काय अवघड होतं? दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण सहीनंतर प्रुफाला हात लावायचा नाही हा कानामात्रांचा नेम, आणि नेम मोडण्यापेक्षा ते मान मोडून घेतील. अति तिथे माती म्हणतात ती अशी होते, दुसऱ्या कुणाला खणावी लागत नाही.

अकरा दिवस नवराबायकोने एकोणीसशे बारा नोंदी वाचल्या. ती गवताचं नाव आणि पान वाचायची, हे पान उघडून बोट ठेवायचे. तिचा घसा बसला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून पुन्हा वाचायला बसायची. अठ्ठावीस तारखेला दुपारी शेवटची नोंद झाली, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसले.

चूक एकच निघाली. लव्हाळ्याची. जी पहिल्या दिवशीच सापडली होती.

"झालं समाधान?" बायकोने विचारलं. विरामचिन्हाशिवाय विचारलं, म्हणजे खरंच चिडली होती.

कानामात्रा चिठ्ठी आणि प्रूफ घेऊन तसेच बाईंच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारणीने गॅलरीतून सांगितलं, "अहो, त्यांना वीस तारखेला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. रुग्णालयात आहेत."

वीस तारखेला! म्हणजे अठराला सही झाली असती तर... कानामात्रांना पुढचं वाक्य मनातसुद्धा पुरं करवेना.

ते रुग्णालयात गेले. वॉर्डाच्या दारापर्यंत गेले. तिसऱ्या खाटेवर बाई होत्या, डोळे मिटून. तोंड एका बाजूला ओढलेलं आणि उजवा हात चादरीवर असा पडलेला, जसा कुणी दुसऱ्यानेच तिथे ठेवून दिला असावा. सून पाठमोरी बसून संत्रं सोलत होती. कानामात्रांच्या खिशात चिठ्ठी होती. ती कुठल्या तोंडाने काढायची? या बाईने सहीसाठी रात्रभर सराव केला होता आणि आपण तिच्या हातातून चिठ्ठी काढून घेतली होती. ते दारातूनच मागे फिरले. कुणाला दिसलेही नाहीत.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "उद्या परत जा आणि त्यांना विचारा."

"काय विचारू? बोलता येत नाही त्यांना."

"बोलता येत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं थोडंच आहे? नाहीतर संचालकांना सांगा. म्हणावं, माझ्यामुळे उशीर झाला."

"ते नियमावर बोट ठेवतील."

"तुम्हाला काय ठाऊक? विचारलंत?"

नव्हतं विचारलं. तिथेच तर सगळं घोडं अडलं होतं. जन्मभर कागदाला प्रश्न विचारण्यात गेलेला माणूस; जिवंत माणसाला तोंडावर विचारायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आणि माझ्यामुळे उशीर झाला, हे तीन शब्द म्हणण्यापेक्षा त्यांना काहीही सोपं वाटलं असतं.

काहीही म्हणजे हे. एकोणतीस तारखेला सकाळी, बायको बाजारात गेली असताना, कानामात्रा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. बाईंचं अक्षर सहा वर्षं डोळ्यांत तेल घालून वाचलेलं. कुठे हात उचलतात, कुठे रेघ ओढतात, सगळं पाठ. त्यांनी पिवळी चिठ्ठी पुढे ओढली आणि बाईंची सही केली. हुबेहूब! स्वतः बाईंनी बघितली असती तर म्हणाल्या असत्या, ही माझीच. मग खाली, तारखेच्या जागी, त्यांनी तारीख लिहिली.

एकोणतीस.

अठरा लिहायला हवी होती. कुठल्याही भामट्याने अठरा लिहिली असती. पण सत्तावीस वर्षांत त्या हाताने खोटी तारीख कधी घातली नव्हती, आणि हात आपल्या सवयीने चालला. खोटं काम करतानाही याला बिनचूक करायचं होतं! कपाळ फोडून घ्यावं अशी गोष्ट, पण त्यांच्या लक्षातही आलं नाही. तीस तारखेला चिठ्ठी संचालकांच्या टेबलावर पोचली आणि कानामात्रा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

एकतीसला सकाळी संचालकांनी बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले. एक पिवळी चिठ्ठी. दुसरं बाईंच्या मुलाचं पत्र, आदल्याच संध्याकाळी आलेलं. लिहिलं होतं, आई वीस तारखेपासून रुग्णालयात आहे, उजवा हात चालत नाही, पण तिचा जीव त्या पुस्तकात अडकलाय, तरी सहीसाठी आठ दिवसांची मुदत मिळावी.

"ही सही कुणाची?" संचालकांनी विचारलं.

कानामात्रांची नजर चिठ्ठीवरच्या तारखेवर गेली.

"मुदत दिली असती मी," संचालक म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, उलट रडवेला होता. "अंगठा चालला असता. डाव्या हाताची रेघ चालली असती, घरच्यांच्या साक्षीने. तुम्ही एकदा येऊन विचारायचं होतं, साहेब. आता या फाइलीत खोटी सही आहे. छपाई बंद करायला नेमलेल्या समितीच्या दोघांनी ती माझ्याआधी बघितली. त्यांना तर पुस्तकं कमीच करायची होती, आयतं कोलीत मिळालं. काय करू मी?"

समितीने दुपारी निकाल दिला. पुस्तक परत. कानामात्रांच्या निवृत्तीला चार महिने होते, बोभाटा नको म्हणून त्यांना तेवढे दिवस रजेवर जायला सांगितलं. दुसरा प्रकाशक? कानामात्रांनी तीन दारं ठोठावली. चारशे बारा चित्रांचं गवताचं पुस्तक म्हटल्यावर पहिला हसला, दुसऱ्याने चहा पाजला, तिसऱ्याने चहाही पाजला नाही.

त्यांनी संचालकांना एकच विनंती केली, बंडल मीच पोचवतो. बाईंना मीच सांगतो.

हे सांगायला जायला त्यांना पंधरा दिवस लागले. काखेत प्रुफाचं बंडल, पिशवीत संचालकांचं पत्र. बाई आता घरी आल्या होत्या. दार सुनेने उघडलं आणि तिचा चेहरा फुललाच. "प्रकाशनातले भाऊ ना तुम्ही? आई, कोण आलंय बघा! अहो, रोज दाराकडे बघत असतात."

बाई खिडकीशी खुर्चीत होत्या. कानामात्रांना बघून त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, आणि तोंडाची चांगली बाजू हसली. कानामात्रा समोर बसले. वाटेत पन्नास वेळा घोकलेलं वाक्य त्यांनी सुरू केलं, "बाई, माझ्या हातून..."

पण बाईंचं लक्षच नव्हतं. त्या डाव्या हाताने शेजारच्या टेबलावरची शाळकरी वही ओढत होत्या. ती त्यांनी कानामात्रांच्या मांडीवर सरकवली.

"चौथ्या दिवशीच खुणेने वही मागितली," सून म्हणाली. "आम्हाला कळेना काय हवंय. आणि मग बसल्या गिरवत, डाव्या हाताने. तारीख मीच घालायचे रोज पानावर. शाळेसारखं."

कानामात्रांनी वही उघडली. चोवीस तारखेच्या पानावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा होत्या. पंचवीस, सव्वीसलाही तेच. सत्तावीसला बाईंच्या नावाचं पहिलं अक्षर. अठ्ठावीसला अर्धं नाव. एकोणतीसच्या पानावर पूर्ण सही होती. वाकडी, मोठी, लहान मुलाने काढावी तशी, पण पूर्ण. कानामात्रांनी ती अक्षर अक्षर तपासली, सवयीने. कुठे चूक नव्हती.

एकोणतीस तारखेला सकाळी ते स्वतः कुठे बसले होते आणि काय करत होते, ते त्यांना आठवत होतं. मधे फार तर दोन मैलांचं अंतर होतं.

बाईंनी डावा हात पुढे केला होता आणि बोटांनी खूण करत होत्या. आणा. सूनबाई म्हणाली, "चिठ्ठी मागताहेत वाटतं."

आत्ता सांगायला हवं होतं. पत्र पिशवीतच होतं, नुसतं काढून द्यायचं. कानामात्रांचा हात हलला, पण पिशवीकडे गेला नाही, खिशाकडे गेला. गड्डीतल्या दोन चिठ्ठ्या अजून उरल्या होत्या. त्यांनी एक काढून वहीवर ठेवली आणि कोपरा धरून ठेवला, हलू नये म्हणून. बाईंनी जीभ दाताखाली धरून सही केली. चार मिनिटं लागली. मग तारीखही स्वतःच घातली. झाल्यावर मान मागे टाकून डोळे मिटून घेतले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सुनेनेही डोळे पुसले. "झालं ना आता सगळं? पुस्तक केव्हा येईल हो भाऊ?"

कानामात्रांनी बंडल उचलून पुन्हा काखेत धरलं.

"सूची एकदा पडताळतो," ते म्हणाले. "आठ दिवसांत."

घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. तिने बंडल बघितलं, पिशवीतून डोकावणारं पत्र बघितलं, आणि विचारायचं ते विचारलं नाही. कानामात्रांनी खिशातली चिठ्ठी काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बायकोने चष्मा लावला, चिठ्ठी उचलली आणि पंधरा वर्षांच्या सवयीने मोठ्याने वाचली, "छापण्यास हरकत नाही पूर्णविराम."

खालची तारीख तिने वाचली नाही.